अजून परडं माझ्याकडे आहे

वय वाढलं की घरातली कामं एकेक करून आपल्या हातातून काढून घेतली जातात. कुणी भांडून घेत नाही, प्रेमानेच घेतात. आधी माळ्यावर चढणं बंद झालं. मग गॅसची टाकी सरकवणं, मग बँकेत एकटीने जाणं, मग स्कूटर. पाहुणे आले की सून म्हणते, "आई, तुम्ही बसा हो बाहेर, मी बघते." नातू हातातली पिशवी घेतो. मुलगी रोज रात्री पुण्याहून फोन करून गोळ्या घेतल्या का विचारते. याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही अशी घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे आपल्या नशिबात काय आलं आहे याची मला जाणीव आहे. पण सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे मिळून आपल्याला जपत असले, की आपण कुणाला जपायचं? माझ्यापुरतं त्याचं उत्तर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर आहे.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, जुन्या बांधणीचं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे परडं, म्हणजे मागचं अंगण. पेठेतल्या जुन्या घरांना परडं असायचंच. आता त्यातली बरीचशी पार्किंगखाली गेली. आमचं लांबट आणि अरुंद आहे. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे ऊन नऊच्या सुमाराला उतरतं आणि तीनला पश्चिमेच्या इमारतीमागे जातं. सासऱ्यांनी लावलेला नारळ आणि चिकू, एक जुना आड, त्यावर आता लोखंडी जाळी, कपडे धुवायचा दगड, आणि त्याच्या सांडपाण्यावर वाढलेली कर्दळ. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. पाळ्यांची नोकरी, दोन मुलं, त्यामुळे परड्यात जायचे ती कपडे वाळत घालायला. तेव्हा परडं सासूबाईंचं होतं. कुणी कढीपत्त्याची एक काडी जास्त तोडली तरी त्यांना कळायचं. त्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत माझी निवृत्ती झाली. खुरपं जिथे त्या ठेवायच्या तिथेच, आडाच्या कट्ट्यावर होतं. ते मी उचललं.

निवृत्तीनंतर दिवस एकसारखे होतात, हे सगळेच सांगतात. सोमवार आणि शनिवार यांत फरक उरत नाही. परड्याने मला वार परत दिले नाहीत, पण नक्षत्रं दिली. अक्षय्य तृतीयेला हळद, आलं आणि अळूचे कंद लावायचे ही आमच्याकडची जुनी रीत. वरून पाऊस नसतो, पण कंदाला डोळा फुटायला ती उष्णता हवीच असते. रोहिणी लागली की डब्यातलं बी काढून बघायचं, किडलेलं बाजूला करायचं. मग 7 जूनच्या आसपास मृग. पहिला दमदार पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मातीवर मृगाचे किडे दिसतात, तांबड्या मखमलीचे, बोटाच्या पेराहून लहान. लहानपणी आम्ही ते काड्यापेटीत भरून ठेवायचो. आता कळतं की ते मातीतल्या बारीक किड्यांवर आणि त्यांच्या अंड्यांवर जगतात, म्हणजे आपल्या बाजूचेच. अलीकडे ते कमी दिसतात. ज्या वर्षी दिसतात त्या वर्षी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवते, अगदी मुलगा ऑफिसला निघालेला असला तरी.

ऑक्टोबरात पाऊस उघडला की गुलाबाची छाटणी. कात्री चालवताना मन घट्ट करावं लागतं, कारण पावसाळ्यात वाढलेल्या हिरव्यागार फांद्या कापायच्या असतात. पण साधारण दीड महिन्यात, मार्गशीर्ष लागता लागता, त्याच झाडावर टपोऱ्या कळ्या येतात. मोगऱ्याचं तंत्र वेगळं. त्याला हिवाळ्यात ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, झाड मेल्यासारखं दिसतं, बघणारे विचारतात की पाणी घालत नाही का. संक्रांतीनंतर छाटायचं, आळं खणून शेणखत भरायचं आणि मग पाणी सोडायचं. नवी फूट येते ती कळ्या घेऊनच येते. गुढीपाडव्याला आमच्या घरात विकतचा गजरा येत नाही, हे सांगताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

असं वर्ष फिरत राहतं. माझ्या वयाच्या बायकांशी बोलताना लक्षात येतं की त्यांच्या बोलण्यात पुढचा काळ फारसा येत नाही. आला तर ऑपरेशनची तारीख म्हणून येतो. परडं असलं की पुढच्या काळाशिवाय बोलताच येत नाही. केळीने घड टाकला म्हणजे ते खोड संपलं, पण बुडाशी आलेल्या मुनव्यांपैकी कोणता ठेवायचा हे आजच ठरवावं लागतं. पुढच्या वर्षीचा घड त्यावर अवलंबून.

दुधीबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे.

दुधीचा वेल मी आडाच्या जाळीवर सोडते. वेल जोमाने जातो, मोठी मऊ पानं, आणि मग पांढरी फुलं येऊ लागतात. सुरुवातीला सगळी नर फुलं असतात, लांब देठावर उभी. लोक म्हणतात, नुसतीच फुलं येतात, फळ धरत नाही. मादी फूल मागून येतं आणि ओळखायला अगदी सोपं: फुलाच्या मागे देठाऐवजी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच तयार असतो. ते फूल संध्याकाळी उमलतं. दिवेलागणीला बघावं तर पाकळ्या सुरकुतलेल्या, ओल्या मलमलीसारख्या, आणि थोड्या वेळाने ताठ. हे फूल पतंगांसाठी आहे, रात्री उडणाऱ्या. रानात पतंग भरपूर. पेठेत चारी बाजूंनी दिवे आणि भिंती, त्यामुळे कधी येतात, कधी नाही. परागकण पोचले नाहीत तर तो इवलासा दुधी दोन-तीन दिवसांत पिवळा पडतो, टोकाकडून मऊ होतो आणि गळतो.

म्हणून मी संध्याकाळी जाते. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या अलगद मागे सारायच्या, मध्ये पिवळट दांडा उघडा पडतो. बोट लावलं की पूड लागते, म्हणजे तयार आहे. मग मादी फुलाच्या आत जो लोण्याच्या रंगाचा, थोडा चिकट भाग असतो त्यावर तो दांडा हलक्या हाताने फिरवायचा. सगळ्या बाजूंनी, नाहीतर फळ वाकडं होतं. झालं. मिनिटाचंसुद्धा काम नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी आखडलेली असतात, बरणीचं झाकण उघडत नाही, पण हे काम तीच बोटं बिनचूक करतात. दोन दिवसांनी जाऊन बघायचं. दुधीने मान खाली घातली असेल, देठ जाड झाला असेल, लव चमकत असेल, तर धरला. त्या दिवशी जेवताना माझ्या तोंडून ते दोन-तीनदा तरी निघतं. लाल भोपळ्याचं वेळापत्रक उलटं आहे. त्याची फुलं पहाटे उघडतात आणि दहाच्या आत मिटतात, तिथे मधमाश्या काम करतात. पण पावसाची झड लागली असेल तर माश्या बाहेर पडत नाहीत, मग पहाटेची पाळीही मीच घेते. इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या, त्या मानाने ही फार सुखाची.

हे सगळं करून मिळतं काय, तर बाजारात पंचवीस-तीस रुपयांना मिळणारा दुधी. पैशांत हिशेब केला तर परडं कधीच परवडत नाही. माझ्या दृष्टीने तो हिशेबच चुकीच्या जागी लावलेला आहे. तो दुधी माझ्या हाताशिवाय झाला नसता, एवढं मला पुरतं.

माझ्या बहिणीची नात मानसशास्त्र शिकते. तिने मला अमेरिकेतल्या एका प्रयोगाची माहिती दिली, ती मी विसरू शकत नाही. 1976 मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी संशोधकांनी कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं की तुमच्या खोलीचं, तुमच्या वेळेचं तुम्ही ठरवा, आणि हे रोप हवं तर निवडून घ्या, त्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण सांगितलं की काळजी करू नका, पाणी परिचारिका घालतील. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी आणि आनंदी दिसली. रोप दोन्ही मजल्यांवर होतं. हिरवं बघायला दोघांनाही मिळत होतं. प्रयोग लहान होता, आणि त्यात रोपाबरोबर इतर निर्णयही त्यांच्याकडे सोपवले होते, त्यामुळे सगळं श्रेय रोपाला देता येणार नाही. तरीही मी तो ऐकला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्यांचाच विचार करत राहिले. उशाशी कुंडी आहे, माती सुकलेली दिसते आहे, आणि पाणी घालायचं काम आपलं नाही.

तिनेच दुसरंही सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात साठीच्या पुढच्या 2,805 माणसांवर 16 वर्षं लक्ष ठेवलं, आणि जे रोज बागकाम करायचे त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी दिसलं. 2006 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ऐकून बरं वाटलं, पण मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. ज्यांचं डोकं आणि हातपाय शाबूत आहेत तेच रोज बागेत जाऊ शकतात, हेही त्यात आलंच. औषध म्हणून परड्यात जायला लागले तर तेही गोळ्यांच्या यादीत जाऊन बसेल, आणि मला ते नको आहे.

शरीराचं म्हणाल, तर त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. उकिडवं बसून खुरपणं आता होत नाही. म्हणून भिंतीलगत विटांचा कमरेएवढा कट्टा बांधून घेतला आणि मेथी, कोथिंबीर, पोकळा, चाकवत सगळं त्यावर नेलं. झारी अर्धीच भरायची, दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरतं, तिथे दर आठवड्याला चुना टाकून खराटा मारायचा, आणि हे काम मात्र मी नातवाकडून करून घेते. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी. या वयात परड्यात पडले तर परडंच बंद होईल, ही भीती मला सांभाळून चालायला लावते, डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा जास्त.

कोथिंबीर मात्र अजूनही माझ्या पद्धतीने. धने आदल्या दिवशी उन्हात ठेवायचे, मग फरशीवर पसरून चपलेच्या तळव्याने रगडायचे, म्हणजे एका धन्याच्या दोन डाळी होतात आणि प्रत्येकातून रोप येतं. रात्रभर पाण्यात, मग फडक्यात. पेरून आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि मग एका सकाळी मातीला तडे जाऊन वाकलेले हिरवे कोंब वर येतात. चहात घालायला गवती चहा, फोडणीला कढीपत्ता आणि पिठल्यावर घालायला ही कोथिंबीर, एवढं दारात असलं की स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण श्रीमंत आहोत असं वाटतं.

माती घडवण्याचं शिक्षण मला कोल्हापूरनेच दिलं. श्री. अ. दाभोळकर आमच्याच गावचे. गणिताचे प्राध्यापक, 1924 ते 2001 हा त्यांचा काळ, आणि 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी शेतकऱ्यांना आणि घरगुती बागवानांना एकमेकांकडून शिकायला लावलं. तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्या गृहिणींपर्यंत. पान म्हणजे ऊन गोळा करणारं यंत्र, जराही ऊन वाया जाऊ द्यायचं नाही, आणि जे झाडाने दिलं ते मातीला परत करायचं, हे त्यांचं सांगणं. त्यांच्या विचाराने गच्चीवर भाजी लावणारी माणसं आमच्या ओळखीत होती. उसाच्या चिपाडावर, अगदी थोड्या मातीत त्यांनी टोमॅटो-वांगी काढलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. कोल्हापुरात उसाला काय तोटा! रसवंतीवाला चोथा फुकट देतो. तो ताजा वापरायचा नाही, साखरेमुळे मुंग्या लागतात. पोत्यात भरून, भिजवून, थोडं शेण कालवून कोपऱ्यात ठेवायचा, महिना-दोन महिन्यांत काळपट भुसभुशीत होतो. चिकूचा पालापाचोळा, भाजीची देठं, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्या, सगळं त्याच्या सोबतीला. माझ्या परड्यातली माती मुळात काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी होती. आता मूठभर उचलून दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं तर सुटतो. तिला पहिल्या पावसाचा वास येतो तसा वास नेहमी येतो. माझ्या मते परड्यात मी केलेलं सगळ्यात मोठं काम ही माती आहे; फुलं आणि भाज्या त्यातून आपोआप आल्या.

मातीची परीक्षा 2019 ला झाली. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. आम्ही आधीच नातेवाइकांकडे राजारामपुरीत गेलो होतो. परत आलो तेव्हा घरात काय झालं होतं ते पुरात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. माणसं गाद्या, कपाटं, कागदपत्रं काढत होती. मी मागचं दार ढकललं तर उघडेना. पलीकडे गाळ साचला होता. परड्यात सगळं एकाच रंगाचं, राखाडी. गुलाब कुजले होते. कढीपत्ता, सासूबाईंच्या हातचा, उभा होता पण मुळं गुदमरली होती आणि पुढच्या महिन्याभरात तो वाळला. त्याच्यासाठी मी रडले. घरातल्या वस्तूंसाठी रडले नव्हते.

मुलगा म्हणाला, "आई, आता इथे फरशा घालून घेऊ. तुझ्याच्याने हे परत उभं करणं होणार नाही." त्याचं बरोबर होतं, तो माझ्या काळजीनेच बोलत होता. मी त्याला म्हटलं, मला दिवाळीपर्यंत मुदत दे. गाळ वाळला, तडकला, त्याचे पापुद्रे सुटले. गांधीलमाशीच्या घरट्याएवढ्या एका फटीतून पहिल्यांदा वर आला तो अळू. अळूला पाण्याचं वावडं नाही, त्याचा कंद खाली शाबूत होता. गुंडाळलेलं एक पान, मग दुसरं. कर्दळही फुटली. नारळाला काही झालंच नव्हतं. चिकूने पानं गाळली पण धीर धरला. कढीपत्त्याच्या बुंध्याभोवतीची मुळं खणताना लांब एका मुळावर आलेलं पिल्लू सापडलं, वीतभर उंचीचं. ते मी आठवडाभर हात न लावता तसंच ठेवलं, मग मातीच्या गोळ्यासकट कट्ट्याजवळ हलवलं. आज स्वयंपाकघरात जो कढीपत्ता येतो तो त्याचाच. आणि तो गाळ, नदीने आणलेला, पुढच्या पावसाळ्यात लाल भोपळ्याला असा काही लागला की पेठेत ओळखीच्या प्रत्येक घरी फोड गेली. फरशांचा विषय नंतर कुणी काढला नाही.

या कढीपत्त्यावर आता दर पावसाळ्यात लिंबाळी फुलपाखरं अंडी घालतात. अळ्या लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळ्या-पांढऱ्या, म्हणून कुणी खात नाही. शेवटी हिरव्यागार होतात. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. नातवाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून तो तासभर तिथेच बसला. पानं खातात म्हणून मी त्यांना मारत नाही. झाडाच्या एका बाजूच्या फांद्या त्यांच्या, एका बाजूच्या आमच्या. एकदा नीलवंतही आला होता, काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेला, तळहाताएवढा. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. आमच्या जुन्या भिंतींच्या मध्ये तो दोन गिरक्या घेऊन गेला.

शंखी गोगलगायींशी मात्र माझं पटत नाही. त्या एका रात्रीत मेथीचा वाफा साफ करतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याकडेला टाकायचं. पहाटे त्याखाली सगळ्या जमलेल्या असतात. मग मिठाच्या पाण्याची बादली. दोडक्याच्या पानावर भुरी आली की आंबट ताक पाण्यात कालवून फवारते. मावा पडला तर आधी तो खाणारे ढालकिडे आलेत का बघते, ते आले असतील तर आपण काही करायचं नसतं.

परड्यामुळे माणसंही येतात. मागच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले तात्या राहतात. भिंतीवरून डोकावून ते माझ्या प्रत्येक वेलावर मत देतात. "वैनी, ह्यो दोडका असा भुईवर सोडून चालतंय व्हय? मांडव घाला की. लोंबल्याशिवाय सरळ याचा न्हाई त्यो." दुसऱ्या दिवशी स्वतःच बांबू आणि सुतळी घेऊन हजर. त्यांची बायको गेल्यापासून ते फारसे कुणाशी बोलत नाहीत असं त्यांची सून सांगते. माझ्याशी ते रोज बोलतात, फक्त विषय दोडका, शेवगा नाहीतर लेंडीखत असतो. त्यांच्या बायकोची अबोली माझ्याकडे आहे, तिने स्वतः आणून दिलेली. तिला बहर आला की भिंतीवरून एक ओंजळ मी त्यांच्याकडे देते. ते घेतात, देवघराकडे जातात. त्यावर आम्ही दोघंही काही बोलत नाही, लगेच शेवग्यावर येतो.

देवाणघेवाण तर चालूच असते. हळदीची पानं श्रावणात पेठेतल्या कोकणातून आलेल्या दोन घरी जातात, तिकडून पातोळ्या येतात. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, ते मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या जातीचं झाड, त्याचं एक पान मातीत खोचलं की झाड होतं. पेठेतली निम्मी ब्रह्मकमळं माझ्याकडच्या पानाची आहेत. रात्री फुलणार असेल त्या दिवशी बायका जेवणं उरकून येतात, कुणी कुंकू लावतं, कुणी फोटो काढतं, आणि बाराच्या पुढेपर्यंत गप्पा चालतात.

पण माझा सगळ्यात जुना ठेवा म्हणजे वालघेवड्याचं बी. जांभळ्या फुलांचा, रुंद शेंगेचा. जाऊबाईंनी त्यांच्या माहेराहून, राधानगरीकडून आणला होता. दरवर्षी पहिल्या बहरातल्या चांगल्या भरलेल्या शेंगा मी वेलावरच वाळू देते, कितीही मोह झाला तरी तोडत नाही. मग बी काढून, उन्हात खडखडीत वाळवून, चुलीच्या राखेत घोळवून पितळी डब्यात. राख आता आमच्या बंबातून मिळते, हिवाळ्यात पाणी तापवायला आम्ही अजून तो पेटवतो. त्या बियाण्याची पुडी मी मागेल त्याला देते. गेल्या मे महिन्यात मुलीलाही दिली. पुण्यात तिचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनीत दोन मोठ्या कुंड्या.

नवरात्राच्या आधी तिचा फोन आला. त्या दिवशी तिने गोळ्यांचं विचारलंच नाही.

"आई, वेल छतापर्यंत गेलाय. नुसती पानं. एक फूल नाही. बी जुनं होतं का? काढून टाकू का आता?"

"काढू नकोस. तो दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. माझ्याकडेसुद्धा अजून फूल नाही. खत काय घालतेस?"

"दर आठवड्याला घालते. ते शेणाचं पाणी सांगितलं होतंस ना."

"ते आता बंद कर. आणि शेंडे खुड सगळ्यांचे. बाल्कनीत रात्रभर दिवा असतो का?"

"आमचा नसतो. पण सोसायटीचा खांब आहे समोर, त्याचा उजेड येतो थेट. का?"

"एका वर्षी मी एक वेल पुढच्या दारी लावला होता, रस्त्याच्या दिव्याखाली. मागचा दिवाळीत फुलला आणि पुढचा संक्रांत आली तरी नाही. त्याला रात्र लागते, पुरती काळोखी. कुंडी हलते का तुझ्याच्याने?"

"जड आहे गं. ह्यांना सांगते. कुठे ठेवू?"

"धुण्याच्या मशीनच्या बाजूला सकाळचं ऊन येतं का?"

"येतं, अकरापर्यंत."

"मग तिकडे. वेल ओढायचा नाही, दोरीसकट सोडवून घे आधी. आणि हलवलीस की मला फोटो पाठव, कुठे कापायचा ते मी सांगते."